जुना संगणक भंगारात जाण्यापूर्वी : माहितीची सुरक्षा आणि पर्यावरण यांचा एकत्र प्रश्न

झाशी : केंद्र सरकारच्या कार्यालयांत २०२१ पासून दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात साफसफाईची विशेष मोहीम राबवली जाते. प्रलंबित फायली निकाली काढणे, अडगळीच्या खोल्या रिकाम्या करणे आणि निरुपयोगी सामानाचा लिलाव करणे हे तिचे ठरलेले स्वरूप. २०२५ मधील पाचव्या मोहिमेत, २ ते ३१ ऑक्टोबर या काळात, ई-कचऱ्याच्या विल्हेवाटीवर विशेष भर देण्यात आला. योगायोगाने त्याच महिन्याच्या १४ तारखेला मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणक प्रणालीला मिळणारी नेहमीची विनामूल्य सुरक्षा अद्यतने थांबवली. देशभरातील कार्यालयांत असे लक्षावधी संगणक आहेत, जे चालतात उत्तम, पण नव्या विंडोज ११ प्रणालीच्या अटींत बसत नाहीत. कालबाह्य प्रणालीवर काम करणे धोक्याचे आणि चालू स्थितीतील यंत्र फेकून देणे पर्यावरणाला जड, अशा दोन्ही बाजूंनी अडचण एकाच वेळी पुढे आली.

हा पेच समजून घेण्यासाठी झाशीसारखे शहर सोयीचे आहे. येथे मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारती नाहीत. पण कार्यालये मात्र भरपूर आहेत. उत्तर मध्य रेल्वेच्या तीन विभागांपैकी एकाचे मुख्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिका, १९७५ मध्ये स्थापन झालेले बुंदेलखंड विद्यापीठ, महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय, ट्रान्सफॉर्मर आणि रेल्वे इंजिने बनवणारा भेलचा कारखाना, लष्करी छावणी आणि या सर्वांच्या भोवती वाढलेल्या बँका, शाळा, रुग्णालये, वकील व सनदी लेखापालांची कार्यालये. जून २०१७ मध्ये झाशीची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली आणि रस्त्यांवरचे कॅमेरे, नियंत्रण कक्षातील पडदे, सर्व्हर यांची त्यात भर पडली. देशातील शेकडो मध्यम शहरांचे चित्र याहून फारसे वेगळे नाही. डिजिटल व्यवस्थेचा बहुतांश भार वाहतात ती अशीच शहरे, आणि तिची जुनी यंत्रे साचतात तीही याच शहरांच्या जिन्याखाली आणि गच्चीवरच्या खोल्यांत.

या यंत्रांत असते तरी काय? निवृत्त कर्मचाऱ्याचा बँक खाते क्रमांक, रुग्णाचा तपासणी अहवाल, विद्यार्थ्याची गुणपत्रिका, आधार कार्डाची छायाप्रत, निविदेतील दर, कर्मचाऱ्यांच्या बोटांचे ठसे. लिलावात संगणक विकला जातो तो किलोच्या भावाने. त्याच्या आतली माहिती मात्र कोणत्याही बोलीत मोजली जात नाही.

‘डिलीट’ केल्याने पुसले जात नाही

सर्वसामान्य समज असा की फाइल ‘डिलीट’ केली, कचरापेटी रिकामी केली आणि शेवटी डिस्क ‘फॉरमॅट’ केली की काम संपले. प्रत्यक्षात या क्रियांनी बहुधा फक्त सूची बदलते. ग्रंथातील अनुक्रमणिकेचे पान फाडले तरी प्रकरणे जागच्या जागी राहतात, तसाच हा प्रकार आहे. ती जागा ‘मोकळी’ आहे अशी नोंद संगणक करतो. तिच्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तेथेच असतो आणि सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साह्याने परत मिळवता येतो.

माहिती खऱ्या अर्थाने नष्ट करण्याच्या पद्धती अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने तीन पातळ्यांवर सांगितल्या आहेत आणि जगभर त्या आधारभूत मानल्या जातात. पहिली पातळी म्हणजे संपूर्ण डिस्कवर नवे, निरर्थक लेखन करून जुने झाकणे. दुसरी अधिक कडक. तिच्यात प्रयोगशाळेतील उपकरणांनीही माहिती परत मिळू नये अशी व्यवस्था केली जाते. तिसऱ्या पातळीवर डिस्कचा प्रत्यक्ष भुगा केला जातो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कसाठी पहिली पद्धत बहुतेक कार्यालयांना पुरेशी ठरते. अलीकडच्या एसएसडी प्रकारात मात्र गफलत होऊ शकते. या डिस्कची झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून तिच्यातील नियंत्रक मजकूर सतत वेगवेगळ्या कप्प्यांत हलवत असतो. त्यामुळे वरून केलेले लेखन प्रत्येक कप्प्यापर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते. अशा डिस्कसाठी उत्पादकाने दिलेली अंतर्गत पुसण्याची आज्ञा वापरावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे पहिल्या दिवसापासून सर्व माहिती सांकेतिक स्वरूपात साठवणे आणि यंत्र निवृत्त करताना तिची किल्ली नष्ट करणे. कुलूप तसेच राहते. पण ते उघडणारी किल्ली जगात उरत नाही. हा दुसरा मार्ग सर्वांत स्वस्त आहे, पण तो यंत्र विकत घेतानाच निवडावा लागतो. भंगार समितीच्या बैठकीत त्याची आठवण होऊन उपयोग नसतो.

संगणकाव्यतिरिक्त इतर वस्तूंकडे तर सहसा कोणाचे लक्षच जात नाही. मोठ्या छायाप्रत यंत्रांमध्ये हार्ड डिस्क असते आणि त्यांवर काढलेल्या कागदांच्या प्रतिमा तीत राहू शकतात. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये कित्येक दिवसांचे चित्रण असते. हजेरीच्या बायोमेट्रिक यंत्रात कर्मचाऱ्यांच्या ठशांचे नमुने, राउटरमध्ये कार्यालयाच्या जाळ्याचे पासवर्ड, कार्यालयीन मोबाइलमध्ये सगळेच. जडवस्तू नोंदवहीत या वस्तू ‘यंत्रसामग्री’ म्हणून नोंदलेल्या असतात. त्यांच्यात स्मृती आहे असे तेथे कोठेही लिहिलेले नसते.

हा धोका केवळ कल्पनेतला नाही. मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकी वित्तसंस्थेने २०१६ मध्ये आपली दोन डेटा केंद्रे बंद केली आणि यंत्रे हलवण्याचे काम सामान वाहून नेणाऱ्या एका कंपनीकडे सोपवले. माहिती नष्ट करण्याचा कोणताही अनुभव त्या कंपनीला नव्हता. यंत्रे पुढे विकली गेली आणि त्यांतील काहींत ग्राहकांची माहिती जशीच्या तशी होती. सुमारे दीड कोटी ग्राहकांशी हे प्रकरण निगडित होते. बँक नियामकाने २०२० मध्ये ६ कोटी डॉलरचा, तर भांडवली बाजार नियामकाने २०२२ मध्ये ३.५ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. येथे कोणी पासवर्ड फोडला नव्हता. सामान विकले गेले होते, एवढेच.

सर्वच फोडून टाकले तर?

अशा बातम्या वाचल्यानंतर सुरक्षा अधिकाऱ्याला सर्वांत निर्धास्त उपाय दिसतो तो हातोड्याचा. डिस्कच काय, सगळा संगणकच चिरडून टाकला की प्रश्न मिटला. गोपनीय स्वरूपाच्या कार्यालयांत ते अटळही आहे. पण सरसकट प्रत्येक यंत्राला हा न्याय लावला तर दुसऱ्या बाजूचे नुकसान मोठे होते.

संगणक वापरताना वीज लागते हे सर्वांना दिसते; तो तयार होताना काय लागते ते दिसत नाही. खाणीतून तांबे, कोबाल्ट, सोने काढणे, सिलिकॉनच्या चिप घडवणे, देशोदेशींहून सुटे भाग आणणे यांत मोठी ऊर्जा आणि पाणी खर्च होते. उत्पादकांच्या स्वतःच्या अहवालांनुसार लॅपटॉपच्या एकूण आयुष्यातील कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश भाग तो पहिल्यांदा सुरू होण्यापूर्वीच झालेला असतो. म्हणून चालू स्थितीतील यंत्र आणखी तीन वर्षे वापरात राहणे हे नव्या ‘ऊर्जाबचत’ यंत्राच्या खरेदीपेक्षा बहुतेक वेळा हिताचे ठरते. मंत्रालयापासून महाविद्यालयापर्यंत खरेदी समित्यांच्या टिपण्यांत हा हिशेब क्वचितच दिसतो.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे संकलन व पुनर्प्रक्रिया झाल्याची अधिकृत नोंद आहे. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबाने २०१९-२० मध्ये सुमारे १०.१४ लाख टन असलेला ई-कचरा २०२३-२४ मध्ये १७.५१ लाख टनांवर गेला.

नोंदीबाहेरचा कचरा कोठे जातो, याचे उत्तर उत्तर प्रदेशातच मिळते. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरादाबादमध्ये गेल्या काही दशकांत संगणकाचे जुने सर्किट बोर्ड जाळून, आम्लात बुडवून त्यांतील तांबे आणि सोने काढण्याचा व्यवसाय घराघरांत पसरला. त्याची राख रामगंगा नदीच्या काठावर साचत गेली. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने तेथील माती व पाण्यात जड धातूंचे धोकादायक प्रमाण असल्याचे दाखवून दिले आणि राष्ट्रीय हरित लवादालाही या राखेची दखल घ्यावी लागली. हा धूर ज्यांच्या छातीत जातो ते कामगार, त्यांत स्त्रिया आणि मुलेही आली, त्या संगणकावर कधी बसलेले नसतात. भंगाराच्या याच साखळीतून हार्ड डिस्कही वेगळ्या काढल्या जातात आणि चालू असतील तर बाजारात परत येतात. म्हणजे ज्या वाटेने नदीत शिसे जाते, त्याच वाटेने कार्यालयातील माहिती बाहेर पडते. सुरक्षा विभाग आणि पर्यावरण विभाग यांना एकाच टेबलावर बसवण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

कायदाही आता याच दिशेने आला आहे. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांच्या कक्षेत १०६ प्रकारची उपकरणे येतात. एका आर्थिक वर्षात अशी किमान एक हजार उपकरणे वापरणारी संस्था ‘मोठी ग्राहक’ ठरते. संगणकांबरोबर प्रिंटर, दूरध्वनी, वातानुकूलन यंत्रे मोजली तर मध्यम आकाराचे विद्यापीठ किंवा रेल्वेचे विभागीय कार्यालय हा आकडा सहज ओलांडू शकते. अशा ग्राहकाने ई-कचरा केवळ नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्प्रक्रिया करणारा यांच्याकडेच देणे बंधनकारक आहे. उत्पादकांवर पुनर्प्रक्रियेचे लक्ष्य आहे ते २०२५-२६ आणि २०२६-२७ या वर्षांसाठी ७० टक्के व २०२७-२८ पासून ८० टक्के. नियमांत नूतनीकरणाला स्वतंत्र स्थान दिलेले आहे ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. कारण यंत्र दुसऱ्याच्या हाती जायचे असेल तर त्यातील माहिती आधी नीट पुसलेली असावी लागते. नीट पुसण्याची खात्री नाही म्हणूनच तर ती यंत्रे फोडली जातात. पुसण्याची विश्वासार्ह पद्धत हे सुरक्षेचे साधन मानले जाते. पर्यावरणाच्या दृष्टीने तिचे मोल तितकेच आहे.

अद्यतने थांबली म्हणजे यंत्र संपले काय?

विंडोज १० च्या निमित्ताने उभा राहिलेला प्रश्न येथे पुन्हा येतो. कॅनॅलिस या बाजार संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज व्यक्त केला होता की या निर्णयामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात निघू शकतील. त्यांतील बहुतेक यंत्रांत बिघाड नाही. विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर त्यांच्यात नाही, इतकेच. अद्यतनांविना ती जाळ्यावर ठेवणेही योग्य नाही. सापडलेली प्रत्येक नवी फट हल्लेखोरांसाठी कायमची उघडी राहते.

मधले मार्ग आहेत. ठरावीक मुदतीसाठी वाढीव सुरक्षा अद्यतने घेता येतात. जाळ्याशी न जोडता केवळ एखाद्या यंत्रसामग्रीसाठी संगणक वापरता येतो. आणि जुन्या यंत्रावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवता येते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स प्रणाली विकसित केली आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर चालत आहेत, आणि संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये जाळ्याला जोडलेल्या आपल्या संगणकांसाठी ‘माया’ ही उबंटूवर आधारलेली प्रणाली स्वीकारली.

पण हा बदल बटण दाबण्याइतका सोपा नाही, हेही सांगायला हवे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, जुना स्कॅनर यांना लागणारे सॉफ्टवेअर अनेकदा विंडोजपुरतेच मिळते. त्याहून चिवट अडचण आहे ती टंकलेखनाची. उत्तर प्रदेशातील कार्यालयांत कृतिदेव आणि महाराष्ट्रात श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टवर हात बसलेले कर्मचारी आणि त्याच फॉन्टमध्ये साठलेले वीस-पंचवीस वर्षांचे पत्रव्यवहार, हे कित्येकदा जुनी प्रणाली न सोडण्याचे खरे कारण असते. युनिकोडकडे जाण्याचा निर्णय हा भाषेचा विषय समजला जातो. तो सुरक्षेचाही आहे, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

उन्हाळा, वीज आणि विजेऱ्या

२८ मे २०२४ रोजी झाशीत ४९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा गावात सर्व्हरच्या खोलीचे व्यवस्थापन हा वेगळाच विषय होतो. सर्व्हरसाठी शिफारस केलेली हवेची मर्यादा साधारण १८ ते २७ अंश आहे. तरीही खोली जितकी गार तितकी यंत्रे सुरक्षित, या समजुतीने वातानुकूलन यंत्र १८ अंशांवर ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते. २४ किंवा २५ अंशांवर, गरम हवा बाहेर नेण्याची वाट नीट ठेवून, तेच काम कमी विजेत होते.

झाशीपासून जवळच, बेतवा नदीकाठी, पारीछा येथे राज्य सरकारचे कोळशावरचे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथे २१० मेगावॅटचे दोन आणि २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. जिल्ह्यातील गरौठा येथे ६०० मेगावॅटच्या सौर उद्यानाची पायाभरणी १९ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. दोन्ही प्रकारची वीज एकाच जाळ्यात येते, आणि रात्री चालू राहिलेल्या संगणकाच्या वाट्याला सूर्याची वीज थेट येत नाही. देशाच्या जाळ्यातील एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पन्नास संगणक प्रत्येकी ४० वॅट घेत रात्रीचे १४ तास चालू राहिले तर २८ युनिट जळतात. म्हणजे रोज जवळपास २० किलो उत्सर्जन, आणि उपयोग काहीच नाही. येथेही सुरक्षेची बाजू आहे. रात्रभर विनापहारा चालू असलेला संगणक हल्लेखोराला निवांत वेळ देतो. दुसरीकडे, अद्यतने बसवण्यासाठी हीच वेळ सोयीची असते. त्यामुळे ‘सर्व बंद करा’ असा सरसकट आदेश काढण्यापेक्षा आठवड्यातून एक रात्र अद्यतनांसाठी राखून बाकीच्या रात्री यंत्रे बंद ठेवणे अधिक व्यवहार्य.

विजेचा लपंडाव असलेल्या भागांत प्रत्येक टेबलाखाली यूपीएस असतो. त्यातील शिसे-आम्लाच्या विजेरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना ते जवळपास निम्मे होते असा ठोकताळा आहे. बुंदेलखंडातील बंद खोल्यांत ठेवलेल्या विजेऱ्या म्हणूनच लवकर निकामी होतात आणि वारंवार बदलाव्या लागतात. त्यांच्यासाठी ई-कचऱ्याचे नव्हे, तर २०२२ चे स्वतंत्र बॅटरी कचरा नियम लागू आहेत.

विजेऱ्यांकडे दुर्लक्ष केल्यास काय होऊ शकते याचा धडा दक्षिण कोरियाला २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिळाला. देजॉन शहरातील सरकारी डेटा केंद्रात यूपीएसच्या लिथियम विजेऱ्या हलवण्याचे काम सुरू असताना आग लागली. सहाशेहून अधिक शासकीय संगणक सेवा एकाच वेळी बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाची कागदपत्रे साठवणारी एक प्रणाली पूर्ण जळाली. तीत ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची दुसरीकडे प्रत नव्हती. जगातील सर्वांत डिजिटल समजल्या जाणाऱ्या देशांपैकी एकाची ही गोष्ट.

प्रत असावी, पण किती?

दुसरी प्रत नसण्याचे दुःख झाशीला नवे नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७-५८ च्या धामधुमीत झाशीत होते. त्यांच्या आठवणी ‘माझा प्रवास’ या नावाने चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केल्या. इंग्रज फौजेने एप्रिल १८५८ मध्ये शहर घेतल्यानंतर झालेल्या लुटीत नेवाळकर घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या ग्रंथसंग्रहाचा कसा नाश झाला याचे वर्णन त्यांत आहे. वेद, पुराणे, ज्योतिष, वैद्यक अशा विषयांच्या हस्तलिखितांचा तो संग्रह होता. हस्तलिखितांच्या जगात ग्रंथ टिकण्याचा उपाय एकच होता : कोणीतरी बसून त्याची नक्कल करणे आणि ती दुसऱ्या गावी नेणे. ज्या पोथ्यांच्या नकला अन्यत्र पोहोचल्या होत्या त्या वाचल्या. बाकीच्यांची नावेही उरली नाहीत.

आजच्या तंत्रज्ञांचा नियमही याहून वेगळा नाही. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची राष्ट्रीय डेटा केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर अशा दूरदूरच्या शहरांत आहेत ती याच विचाराने. दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती सांकेतिक करून अडकवली गेली आणि कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून सुटलेल्या बॅकअप सर्व्हरवरून. जाळ्यापासून अलग ठेवलेली प्रत किती मोलाची असते, ते यावरून दिसते.

तरीही प्रत्येक प्रतीला डिस्क लागते, डिस्कला वीज आणि गारवा लागतो. एकच अहवाल पंधरा जणांना ई-मेलने जोडून पाठवला की त्याच्या पंधरा प्रती होतात, त्या प्रत्येकाच्या बॅकअपमध्ये पुन्हा जातात, आणि त्यांतील कोणतीही फुटली तरी माहिती फुटतेच. सुरक्षित प्रती मोजक्या आणि ठरवून केलेल्या असतात. निष्काळजी प्रती आपोआप वाढतात. पहिल्या कमी पडू नयेत आणि दुसऱ्या वाढू नयेत, एवढे साधले तर सुरक्षा आणि वीजबिल दोन्ही सुधारतात. सामायिक फाइलचा दुवा पाठवणे, जुन्या छायाचित्रांचे व चित्रणाचे आयुष्य ठरवून देणे ही त्यासाठीची साधी कामे आहेत.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ ही शिस्त आता बंधनकारक करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी लागू होण्यास अठरा महिन्यांचा अवधी आहे. ज्या हेतूने माहिती घेतली तो संपल्यावर ती पुसावी, आणि असेपर्यंत वाजवी सुरक्षा द्यावी, असे कायदा सांगतो. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती पुसण्याच्या बंधनातून शासनाला सूट आहे. ती जपण्याच्या जबाबदारीतून मात्र शासन सरसकट मुक्त नाही. खासगी रुग्णालये, शिकवणी वर्ग, पतसंस्था आणि हॉटेले यांना दोन्ही लागू. झाशीहून ओरछा आणि खजुराहोकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या ओळखपत्रांच्या छायाप्रती ज्या कपाटांत आणि ज्या संगणकांत साठत आल्या आहेत, त्यांचाही यात समावेश होतो.

शासकीय कार्यालयांना एक उलटी काळजीही घ्यावी लागते. सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ नुसार केंद्र सरकारचे अभिलेख विहित पद्धतीशिवाय नष्ट करता येत नाहीत, आणि संगणकात तयार झालेला मजकूरही अभिलेखच आहे. म्हणून डिस्क पुसण्यापूर्वी तिच्यातील एखादी नोंद जगातील शेवटची प्रत तर नाही ना, हे पाहणे आवश्यक ठरते. हे काम संगणक कक्षाचे नाही. ज्या टेबलावरचा तो संगणक, त्या टेबलाच्या लिपिकालाच ते माहीत असते, आणि लिलावाच्या घाईत त्यालाच कोणी विचारत नाही.

प्रत्यक्षात एखाद्या कार्यालयाला यासाठी नवा विभाग उघडावा लागत नाही. निर्लेखनाच्या प्रस्तावाला आज यंत्राचा क्रमांक, खरेदीचे वर्ष, मूळ किंमत आणि ‘दुरुस्तीयोग्य नाही’ असा शेरा जोडला जातो. त्याच तक्त्यात आणखी चार रकाने वाढवावे लागतील : अभिलेख तपासून दुसरीकडे घेतल्याचा दिनांक, माहिती पुसण्याची पद्धत, पुसणाऱ्याची आणि पडताळणाऱ्याची सही, आणि यंत्र ज्याच्याकडे गेले त्याचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील नोंदणी क्रमांक. ज्या डिस्कचा चौथा रकाना भरता येत नाही ती काढून कुलपात ठेवायची आणि बाकीचा संगणक पुढे जाऊ द्यायचा. पुसून दिलेल्या, चालू स्थितीतील यंत्राला नूतनीकरण करणारा भंगारवाल्यापेक्षा अधिक किंमत देतो. तो फरक लिलावाच्या पावतीवर दिसू लागला की लेखा शाखाही या रकान्यांची चौकशी करू लागते.